अचलराव महाराज आणि खालचा गूळ

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. मागच्याने पुढच्याच्या पाठीत कोपर खुपसू नये. गोष्ट जमिनीची आहे, म्हणून जमिनीवर बसूनच ऐकायची.

एका जंगलात, जे कधीच जागचं हलत नाही अशी सगळ्यांची खात्री होती, एक गवा राज्य करत होता. त्याचं नाव अचलराव.

तो राजा कसा झाला ते आधी सांगतो. त्या जंगलात राजा निवडण्याची एक जुनी रीत होती. उमेदवाराने माळावर उभं राहायचं आणि सगळ्या प्रजेने मिळून त्याला ढकलायचं. जो जागचा हलला नाही, तो राजा. तो शहाणा आहे का, प्रेमळ आहे का, हे कोणी विचारत नसे. अचलराव अंगाने भरपूर होते आणि स्वभावाने आळशी. ते हलले नाहीत. त्या जंगलात हत्ती नव्हते, तेही त्यांच्या पथ्यावर पडलं.

तेव्हापासून न हलणं हा तिथला सगळ्यांत मोठा गुण झाला. वाऱ्यावर डोलणाऱ्या बांबूंकडे सगळे संशयाने बघू लागले. माकडांना सरकारी नोकरी मिळेनाशी झाली. जागोजागी महाराजांच्या चित्राच्या पाट्या लागल्या. चित्राखाली लिहिलेलं असे, ‘काल इथेच, आज इथेच, उद्याही इथेच.’ या पाट्यांचं काम महाराजांचे दिवाण मुंगूसपंत बघत. ते स्वतः दिवसभर तुरुतुरु पळत असत, पण दरबारात आले की खांबाला टेकून उभे राहत.

वर्षातून एकदा अढळ दिन साजरा व्हायचा. डोंगराच्या पोटात एक मोठी गुंफा होती. तिचं छत म्हणजे एकच अवाढव्य शिळा. त्या दिवशी महाराज गुंफेत मधोमध उभे राहत आणि सारी प्रजा त्यांच्याभोवती. सूर्य डोक्यावर येईपर्यंत कोणी हलायचं नाही. शिंकायचं नाही, शेपटीने माशी हाकलायची नाही. सगळ्यांत आत, शिळेच्या बरोबर खाली, शाळेतली पिल्लं. ती लहान म्हणून मानाची जागा त्यांना.

या पिल्लांना भूगोल शिकवायला एक खवल्या मांजर होती. तिला सगळे खवलेबाई म्हणत. बाई विद्वान होत्या, पण रागीट. प्रश्न चुकीचा वाटला की अंगावरचे खवले ताठ व्हायचे, आणि फारच चुकीचा वाटला की त्या गोल गुंडाळी करून बसायच्या. मग तास संपेपर्यंत उलगडायच्या नाहीत. मुलांना त्या आवडायच्या.

एकदा बाईंनी वर्गात गुळाची ढेप आणली. अस्वलाने ती माणसांच्या गुऱ्हाळातून आणली होती. कशी आणली ते अस्वलाला विचारा.

बाईंनी ढेपेवर दगड मारला. टवका उडाला. बाई म्हणाल्या, “हा गूळ कसा आहे?”

“कडक,” सगळी पिल्लं म्हणाली.

मग बाईंनी त्या ढेपेवर दोन चपटे दगड शेजारी शेजारी ठेवले आणि ती भर वैशाखात उन्हाच्या तोंडाला ठेवून दिली. संध्याकाळपर्यंत ढेप बसली होती, एका बाजूला कलली होती आणि वरचे दगड एकमेकांपासून सरकले होते.

“आता कसा आहे?”

भेकराचं पिल्लू हळूच म्हणालं, “बाई, कडकच आहे. पण वाहतोय.”

बाई खूश झाल्या. त्या म्हणाल्या, “आपण राहतो ते वरचे दगड. त्याला म्हणायचं शिलावरण. ते कडक आहे, आणि ते सबंध नाही, त्याचे तुकडे आहेत. त्याखाली हा गूळ. म्हणजे तिथेही खडकच आहे, पण इतका तापलेला की फार फार सावकाश वाहतो. त्याला म्हणायचं दुर्बलावरण. त्याच्यावरून वरचे तुकडे सरकतात, आपल्या सगळ्यांना घेऊन. आपली नखं वाढतात ना, साधारण तेवढ्या वेगाने.”

“आणि गुळाच्या खाली?”

“खाली पुन्हा घट्ट खडक. तिथे उष्णता जास्त, पण वरचा भार त्याहून जास्त. त्याच्याखाली वितळलेल्या लोखंडाचा थर. आणि मधोमध पुन्हा लोखंडाचाच घट्ट गोळा.”

दुसऱ्या दिवशी उजळणी होती, पण अस्वलाच्या पिल्लाने तोवर दुर्बलावरण चाटूनपुसून संपवलं होतं.

आता ही गोष्ट शाळेतच राहिली असती तर बरं झालं असतं. पण मुलं घरी जाऊन बोलतात. घरून ती बातमी मुंगूसपंतांच्या कानावर गेली आणि बाईंना दरबारात बोलावणं आलं.

महाराज म्हणाले, “बाई, आमचं राज्य हलतं असं तुम्ही शिकवता म्हणे.”

“राज्य नाही, महाराज. जमीन.”

“आम्ही कशावर उभे आहोत?”

“जमिनीवर.”

“मग जमीन हलली की आम्ही हललो. आणि आम्ही हललो तर आम्ही राजे कसे?”

प्रश्न बिनतोड होता. बाईंचे खवले ताठ व्हायला लागले होते, पण त्यांनी राग आवरला. त्यांनी शिलावरण सांगितलं. मग दुर्बलावरण सांगितलं. तो शब्द ऐकताच दरबारात कुजबुज झाली.

मुंगूसपंत म्हणाले, “महाराजांच्या पायाखाली दुर्बल असं काही असूच शकत नाही. शब्द मागे घ्या.”

“पंत, मी शब्द मागे घेतला तरी खडक घट्ट होणार नाही.”

“ते खडकाचं तो बघून घेईल. तुम्ही शब्दाचं बघा.”

महाराज एकंदरीत न्यायी होते. म्हणजे निकाल आधी ठरलेला असला तरी ते चौकशी करत. त्यांनी एक समिती नेमली. तिच्यात अस्वल होतं, रानडुक्कर होतं आणि मोर होता. समितीने पहिल्या बैठकीत मध खाल्ला, दुसऱ्या बैठकीत कंदमुळं खाल्ली आणि तिसऱ्या बैठकीत मोजणीची पद्धत ठरवली. महाराजांच्या आसनापासून माळावरच्या वडापर्यंत एक वेल ताणून बांधायची. जमीन हलत असेल तर वेल तुटेल, नाही तर सैल पडेल.

वेल बांधली. वर्षभर रानडुक्कर तिच्यावर पहारा करत झोपलं. वर्षाअखेर वेल होती तशीच होती. जमीन हलत नाही हे सिद्ध झालं.

बाई समितीला म्हणाल्या, “अहो, आसन आणि वड दोन्ही एकाच तुकड्यावर आहेत. एकाच होडीत बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघून होडी चालत नाही म्हणावं, तसं झालं हे. मोजायचं तर भेगेच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत मोजा.”

समितीने एकमेकांकडे बघितलं.

भेगेचं सांगायचं राहिलंच. त्या जंगलाच्या कडेने जमिनीत एक लांबच लांब भेग गेलेली होती. भेगेच्या पलीकडे दुसरं जंगल. त्या जंगलाशी बोलणं बंद होतं. फार पूर्वी, बोलणं चालू होतं तेव्हा, दोन्हीकडच्या पणजोबांनी भेगेला आडव्या अशा निवडुंगाच्या दोन सरळ रांगा लावल्या होत्या. एक ओढ्यापाशी, एक गुंफेपाशी. आता ओढ्यापाशची रांग भेगेवर तुटली होती आणि तिचा पलीकडचा भाग चांगला रानडुकराच्या लांबीइतका बाजूला गेला होता. यांचं म्हणणं, निवडुंग त्यांनी सरकवला. त्यांचं म्हणणं, यांनी. बोलणं त्यावरूनच बंद झालं होतं.

“भेगेपलीकडे पाऊल टाकायला बंदी आहे,” मोर म्हणाला. “देशप्रेमाचा प्रश्न आहे.”

“मग अलीकडे उभं राहून बघा. ओढ्यापाशची रांग तुटून सरकलीय, दिसतं ना?”

“आणि गुंफेपाशची?” रानडुकराने विचारलं. ते समितीत आल्यापासून पहिल्यांदाच काही विचारत होतं.

बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, “तीच काळजी आहे. गुंफेपाशी भेगेचे दोन्ही काठ एकमेकांत अडकून बसलेत. ओढ्यापाशी जमीन थोडी थोडी सरकत राहते, म्हणून तिथे भीती नाही. गुंफेपाशी ती सरकतच नाही. रांग तुटलेली नाही, पण नीट बघा, दोन्हीकडून वाकलीय. बांबू दोन्ही हातांनी वाकवत नेला तर बराच वेळ काही होत नाही. मग एकदम कडाडून मोडतो. तसं होईल. त्या शिळेखाली माझी मुलं उभी करता तुम्ही.”

समितीने हे सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि अहवाल दिला. अहवालात लिहिलं होतं, ‘खवलेबाईंच्या स्वतःच्या कबुलीनुसार राज्यात गुंफेपाशची जागा अजिबात हलत नाही. ती सर्वांत स्थिर आहे. तसंच बाईंच्याच म्हणण्याप्रमाणे पृथ्वीच्या तळाशी घट्ट लोखंड आहे. सबब पाया भक्कम आहे.’ मधला गूळ आणि वितळलेलं लोखंड जागेअभावी गाळलं होतं.

महाराज प्रसन्न झाले. त्यांनी हुकूम काढला की यंदा अढळ दिनाला मुलांनी गुंफेत आणखी आत उभं राहावं. बाईंनाही शिक्षा अशी काही केली नाही. फक्त मुलांच्या रांगा लावण्याचं काम त्यांच्याकडेच दिलं.

बाई पालकांकडे गेल्या. भेकराच्या आईला म्हणाल्या, “ताई, त्या दिवशी पिल्लाला घरी ठेवा. पोट दुखतंय म्हणून सांगा.”

भेकरीण म्हणाली, “असं कसं बाई? यंदा ते पहिल्या रांगेत आहे. शेजारच्या चितळीणबाईंचं दुसऱ्या रांगेत आहे. आता मी त्याला घरी ठेवू?”

“मी रांगा लावणार नाही,” बाई मुंगूसपंतांना म्हणाल्या.

“हरकत नाही,” पंत म्हणाले. “कासवगुरुजी लावतील. त्यांना फार हौस आहे.”

अढळ दिनाच्या आठवड्यात जमिनीला बारीक बारीक धक्के बसू लागले. विहिरीचं पाणी गढूळ झालं. गुंफेच्या छतातून चिमूटभर माती पडली. ती झाडून टाकायचा हुकूम लगेच निघाला. बाईंना फार भीती वाटली. मोठा धक्का कधी बसेल ते त्यांना सांगता येत नव्हतं, ते कोणालाच सांगता येत नाही. तो उद्या बसला असता, किंवा त्या मुलांना नातवंडं झाल्यावर. पण मुलं त्या शिळेखाली उभी राहणार होती उद्याच. बाई बराच वेळ गुंडाळी करून बसल्या आणि आत रडल्या. खवल्यांमुळे बाहेरून ते कळत नव्हतं.

अढळ दिनाच्या सकाळी त्या उलगडल्या आणि सरळ महाराजांकडे गेल्या. मुलांनो, आता त्यांनी जे केलं ते तुम्ही करू नका. निदान पकडले जाल असं तरी करू नका.

बाई महाराजांपुढे वाकल्या आणि म्हणाल्या, “महाराज, मी चुकले. जमीन स्वतःहून हलत नाही.”

“शाबास,” महाराज म्हणाले.

“हे जे धक्के बसतायत, ते आपण चालता म्हणून. आपला भार तिला सोसवत नाही. ती आपल्या दराऱ्याने थरथरते.”

महाराजांनी मुंगूसपंतांकडे पाहिलं. पंतांनी मान खाली घातली, म्हणजे त्यांना हे आधी सुचलं नाही याचं वाईट वाटलं.

“आम्हाला हे पूर्वीपासून जाणवत होतं,” महाराज म्हणाले.

“पण एक आहे, महाराज. गुंफेत अंधार. मागच्यांना आपण दिसतसुद्धा नाही. एवढा पराक्रम छताखाली झाकून कशाला ठेवायचा? तो उघड्या माळावर व्हावा. आपण मधोमध उभं राहावं आणि खूर आपटावा. भेगेपलीकडचेही बघतील.”

शेवटचं वाक्य कामाला आलं. शेजाऱ्यांनी बघावं यासाठी महाराज काहीही करायला तयार असत. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला. सगळी प्रजा गुंफेतून निघून माळावर गेली. मानाची जागा गेली म्हणून भेकरीण बाईंशी बोलेना. कासवगुरुजी पहाटेच गुंफेत जाऊन उभे राहिले होते, त्यांना तिघांनी उचलून आणावं लागलं.

माळावर सगळे स्तब्ध उभे राहिले. महाराजांनी छाती फुगवली. उजवा खूर उचलला आणि आपटला.

काही झालं नाही.

बाईंनी डोळे मिटले. खरं सांगायचं तर काही होणारच नव्हतं. गव्याच्या खुराने भूकंप होत नसतो. महाराजांनी पुन्हा खूर आपटला. पलीकडच्या जंगलातून कोणीतरी हसलं. महाराजांना राग आला. त्यांनी चारही पाय उचलून, म्हणजे ते जितके उचलत तितके उचलून, धाडकन आपटले.

आणि भेग सरकली.

खालून घरघर आली आणि माळ एकदम आडवा हिसका देऊन हलला. झाडं मुळांपासून वाकली. उभे होते ते सगळे पडले. चितळ पडले, डुकरं पडली, मोर पिसाऱ्यासकट पडला. अचलराव महाराजही पडले. चारी पाय वर करून पडले आणि एकदा इकडे, एकदा तिकडे लोळले. डोंगराच्या पोटात मोठा आवाज झाला, धूळ उठली आणि जिथे गुंफा होती तिथे शिळा जमिनीला टेकलेली दिसली.

सगळं शांत झाल्यावर बाईंनी आधी मुलं मोजली. मग पुन्हा मोजली. सगळी होती. अस्वलाचं पिल्लू म्हणालं, “बाई, गूळ सरकला का?” बाईंनी त्याला जवळ घेतलं.

महाराज उठले. त्यांनी अंगावरची माती झटकली आणि विचारलं, “आम्ही पडलो का?”

मुंगूसपंत म्हणाले, “नाही महाराज. बाकी सगळं वर गेलं.”

संध्याकाळपर्यंत नव्या पाट्या लागल्या. ‘महाराजांनी पाय आपटला, धरणी शरण आली.’ गुंफेपेक्षा माळ बरा हे महाराजांनी आधीच ओळखलं होतं, हेही त्यात होतं. पणजोबांची गुंफेपाशची निवडुंगाची रांग आता भेगेवर साफ तुटून बाजूला गेली होती. महाराजांनी शत्रूला ढकलून दिलं ते हे, असं मोर सगळ्यांना दाखवू लागला. आणि खवलेबाईंना राजभूगोलतज्ज्ञ ही पदवी मिळाली.

बाईंनी विचार केला, असू दे. मुलं वाचली ना. आता सावकाश खरं सांगू.

पुढच्याच दरबारात महाराज म्हणाले, “जमीन आमच्यामुळे हलते हे सिद्ध झालेलं आहे. आमचा पराक्रम एकदा दिसला, तेवढा पुरे. आजपासून जमिनीने हलायचं नाही, असा आमचा हुकूम आहे. नवी गुंफा बांधायची. टेकडीपाशी जागा छान आहे. समितीने पाहिलंय, तिथे भेग अजिबात सरकलेली नाही.”

बाई ताडकन उठल्या. “महाराज, तिथे उलट धोका वाढलाय. गुंफेपाशी सुटलेला ताण आता टेकडीपाशी चढलाय. तिथे छत बांधू नका. जमीन कोणाचा हुकूम ऐकत नाही.”

मग रानडुक्कर म्हणालं, “पण बाई, महाराजांमुळे जमीन हलते असं तुम्हीच सांगितलंत. मी तिथेच होतो.”

“मी खोटं बोलले होते.”

“असं कसं?” भेकरीण म्हणाली. तिला आता बाईंचा फार अभिमान वाटत असे. “तुमच्याच बोलण्याने माझं पिल्लू वाचलं. ते खोटं कसं असेल?”

इतकी वर्षं बाईंनी खरं सांगितलं होतं, त्याने एकही पिल्लू वाचलं नव्हतं. खोटं एकदाच सांगितलं आणि अख्खं जंगल वाचलं. आता याला काय उत्तर द्यायचं ते भूगोलात कुठेच नव्हतं.

तोवर नवं पुस्तकही आलं होतं. पहिल्या पानावर महाराजांचा खूर, दुसऱ्या पानावर बाईंचं चित्र. मुलं ते पाठ करू लागली. जमीन कोणामुळे हलते? महाराजांमुळे. महाराजांनी नको म्हटलं तर? हलत नाही. हे कोणी शोधलं? आमच्या बाईंनी.

टेकडीपाशी गुंफा बांधून झाली. पहिलीपेक्षा मोठी झाली आणि छताची शिळा दुप्पट जाड घातली. शेजारी शाळेचीही इमारत झाली, तिलाही तसंच छत. उद्घाटनाला महाराजांनी खूर आपटला नाही. राज्याच्या हितासाठी ते आता पाय फार जपून टाकत.

बाई पहिल्याच दिवशी मुलांना घेऊन नव्या वर्गात गेल्या. वर बघितलं. मग म्हणाल्या, “आत फार उकडतं रे. चला, बाहेर बसू.”

तेव्हापासून त्या जंगलातली शाळा माळावर भरते. ऊन असलं तरी भरते, थंडी असली तरी भरते. एकदा कडाक्याच्या थंडीत मुंगूसपंत पाहणीला आले. मुलं कुडकुडत होती. भेकराच्या पिल्लाने दात वाजवत महाराजांच्या खुराचा धडा म्हणून दाखवला, एकही चूक न करता. पंत खूश झाले. जाता जाता त्यांनी विचारलं, “पण बाई, वर्ग बाहेर का?”

“आत उकडतं,” बाई म्हणाल्या.

“हो ना,” कुडकुडणारी सगळी पिल्लं म्हणाली. “फार उकडतं.”

आणि अढळ दिनाला? अढळ दिनाला दरवर्षी सकाळी सगळ्या पिल्लांचं एकदम पोट दुखतं. राजवैद्यांना अजून कारण सापडलेलं नाही. समिती नेमली आहे.

तात्पर्य: मुलांनो, मोठे सांगतील ते नेहमी खरं मानावं, पुस्तकात छापलं असेल ते तर मानावंच. फक्त मानायला बसताना डोक्यावर आभाळ आहे ना, एवढं बघून घ्यावं.